हात सोडा

दिंद्रुडच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीतल्या ईश्वरीचा प्रयोग दिसायला साधा होता. तिघींनी हातात हात धरून उभं राहायचं, टोकाच्या दोघींनी मोकळ्या हातात एकेक वायर धरायची, की अंगातून वीज जाऊन टेबलावरचा बारका दिवा लागायचा. हात सुटले की विझायचा.

एका टोकाला भाग्यश्री होती. दुसरी मैत्रीण ऐनवेळी आलीच नाही, तेव्हा रुद्राणी आपणहून पुढं आली. गेल्या सालच्या पहिल्या नंबरावरून जिनं ईश्वरीशी वर्षभर अबोला धरला होता, तीच. ईश्वरीच्या मनात पाल चुकचुकली, पण इलाज नव्हता.

परीक्षक मॅडम आल्या. दिवा लागला.

"आता सोडा हात."

ईश्वरी दोघींचे हात सोडून मधून बाजूला झाली. दिवा जळतच राहिला.

"खालून वायर जोडलीय का गं?" मॅडमनी विचारलं.

ईश्वरीचे कान तापले. तिनं टेबलावरचा कपडा उचलला, एकेक वायर चाचपली. सगळं तिनं जोडलं होतं तसंच होतं. वळून बघितलं तर दोघी अजून हात लांब करून उभ्या, आणि मधे एका माणसाची जागा मोकळी.

"काय केलंस गं तू?" ती रुद्राणीवर खेकसली. "कावून अशी उभी हायेस? हात खाली घे!"

रुद्राणीनं हात ओढला. तो हवेतच ताणलेला राहिला.

"मी कवाच सोडलाय," ती रडवेली होऊन म्हणाली. "तिकडून सुटंना."