कोपऱ्यातला पाय

तिच्या लेखातलं एक वाक्य काही केल्या संपादकांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या गाजलेल्या गुन्हेगारी सिनेमाच्या दुसऱ्या भागात म्होरक्या टेबलाशी बसून सुडाचा बेत आखतो, मागे पाळण्यात त्याचं बाळ झोपलेलं असतं, आणि कितीतरी वेळ पडद्यावर जराही आवाज होत नाही. त्या शांततेवर आजवर दिग्गजांनी पानंच्या पानं लिहिली होती. हिने लिहिलं होतं, ‘ही शांतता त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे.’

“अहो, बायको त्या प्रसंगात आहेच कुठे?” संपादक फोनवर म्हणाले. “बाळंतपणानंतरचा पहिलाच लेख तुमचा, उगाच हसं होईल. काढून टाका ते वाक्य.”

“नाही काढणार,” ती हळूच म्हणाली.

“एवढी खात्री आहे, तर मग दबकत का बोलताय?”

“डाव्या कोपऱ्यात खाली बघा. पाळणा हलवणारा पाय दिसेल. तो थांबला असता, तर त्याचा बेत तिथेच बोंबलला असता.”

पलीकडे सिनेमा लावल्याचा आवाज आला. मग तोच प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावल्याचा.

“आहे की हो खरंच! पण एवढ्या मोठमोठ्या लोकांना इतकी वर्षं दिसला कसा नाही?”

“ते लिहीत होते तेव्हा त्यांच्याही घरात अशीच शांतता असणार. वाक्य राहील, नाहीतर लेख परत पाठवा.”

तिने फोन ठेवला, पाळण्याच्या कडेवरचा बधिर झालेला डावा पाय काढला आणि उजवा लावला.