सुट्टीनंतरची जाहिरात

सुट्ट्या लागल्या, तशी सासऱ्यांच्या फोनवर फुकट ऑनलाइन जाहिरात करून देणाऱ्यांची रीघ लागली. सासरे खेळणी दुरुस्त करायचे. सुनेला वाटलं, सगळ्याच ऑफर घेऊन टाकाव्यात. सासऱ्यांनी चष्मा चढवला आणि तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक बाजूला काढली.

"हिला आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर हवेत. ही परगावात दाखवणार."

शेवटी एकच ठेवली, सुट्टी संपताना सुरू होणारी.

"अहो बाबा, तोवर सगळ्यांची खेळणी घेऊन झाली असतील!"

"मग काय तर!" म्हणत ते स्क्रू घासत बसले.

शाळा उघडल्या त्या सकाळी दुकानापुढे ही रांग!

"मानलं बाबा तुम्हाला," पहिलं गिऱ्हाईक म्हणालं. ती सूनच होती, हातात मुंडकं निखळलेली लेकीची नवीकोरी बाहुली घेऊन.