बिघडलेलं अस्वल

कापडी अस्वलं शिवावीत तर आपणच, असं तिचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. खोड एवढीच, की तोंडाचा टाका ओढला की प्रत्येक अस्वल रुसलेलं निघायचं. तरी संग्रह करणाऱ्यांच्या त्यांवर उड्या पडायच्या, आणि ती ऐटीत सांगायची, "ही माझी शैली आहे!"

आज मात्र टाका चुकला आणि एक अस्वल चक्क हसलं. तिनं कपाळाला हात लावला, टाका उसवायला कात्री उचलली, तसं नवऱ्यानं ते अस्वल हिसकावूनच घेतलं.

"अहो, असलं कोण विकत घेणार?"

"विकायचं नाहीच मुळी. घरात एक तरी हसरं तोंड असू दे."

तिनं तोंड फुगवून मान फिरवली. समोर फळीवर तेच तोंड ओळीनं मांडलेलं होतं, विक्रीला.