न थुंकलेला घोट
सव्वीस वर्षं मी या कारखान्यात व्हिस्की चाखते आणि पिकदाणीत थुंकते. चाखणाऱ्यानं गिळायची नाही, हा नियम. दोन वर्षं खपून, वेगवेगळे मॉल्ट, म्हणजे बार्लीच्या व्हिस्की, मिसळून ही धुरकट लिमिटेड एडिशन मीच बनवली. आज पाहुण्यांसमोर तिचं अनावरण झालं, तर लेबलवर निर्माता म्हणून मालकांच्या जावयाची सही! मालकांनी ग्लास दिला. “बाई, चाखून सांगा, आमच्या जावयानं कशी बनवलीय.” मी घोट तोंडात घोळवला. आधी धूर आला, मागून मध. मालकांनी पिकदाणी पुढे सरकवली. ती बाजूला सारून मी घोट गिळला. “बाई, नियम!” “नियम चाखणाऱ्यांसाठी आहे, साहेब. बनवणारीनं प्यायची असते. खोटं वाटत असेल तर जावईबापूंना विचारा, यात किती मॉल्ट आहेत.” जावयानं घाईघाईनं बाटली फिरवून पाहिली. लेबलवर उत्तर नव्हतं, त्याची सही तेवढी होती.