पाय ब्रेकवरच आहे

नूरिसने कागदी रुमालावर टेकवलेला ऑइलचा थेंब सावकाश पसरला. कडेपर्यंत सारखा लाल. मध्ये काळा ठिपका नाही, जळका वास नाही. इंजिन चालू होतं, तापलेलं होतं, म्हणजे मापही खरं होतं. पातळी दोन खुणांच्या मधोमध. तिने डिपस्टिक पुसून परत आत सारली.

"गिअरबॉक्स चांगला आहे, पापा."

"मग गिअरची दांडी का हलत नाही?" एलादिओ स्टिअरिंगमागून ओरडला. "पी वर खिळा ठोकल्यासारखी बसलीय! परवा तूच काहीतरी करून ठेवलंयस."

सांतियागोच्या बाजारामागच्या स्टँडवर एकोणीस नंबरची शेअर टॅक्सी रांगेत सगळ्यात पुढे होती. आत सहा उतारू, मागे चार, पुढे दोन. दुपारचं ऊन. मागच्या गाड्यांचे हॉर्न. पुढच्या दोघांत दांडीला खेटून ओब्दुलियाबाई बसल्या होत्या.

"ह्यांच्या मांडीने अडते," एलादिओ म्हणाला.

"वीस वर्षं इथेच बसतेय मी," ओब्दुलियाबाई कडाडल्या. "मांड्या काय मला आज फुटल्या?"

मागचे चौघे हसले. एलादिओ आणखी तापला.

"ते कुलूप काढून टाक, नूरिस! माऊरोने काढलं, चेपेने काढलं, अख्खी लाईन तशीच चालते. माझी मुलगी मेकॅनिक, आणि मीच रोज स्क्रूड्रायव्हर घालून दांडी सोडवतो!"

ब्रेक दाबल्याशिवाय दांडी पी वरून, म्हणजे पार्किंगवरून, सुटायची नाही, एवढंच त्या कुलपाचं काम होतं.

"ब्रेक दाबा," ती म्हणाली.

"दाबलाय."

"तिबुर्सिओ, मागचा दिवा लागला?"

स्टँडच्या फळ्यावर गाड्यांचे नंबर लावणारा तिबुर्सिओ मागे जाऊन वाकला. "नाही."

"दाबा, पापा."

"दाबलाय म्हणतोय ना! पाय ब्रेकवरच आहे. अजून किती दाबू, पत्रा फाटेल!"

"नाही लागला," तिबुर्सिओ म्हणाला. "बल्ब बदल, बाई."

बल्ब तिने एप्रिलमध्येच बदलला होता. त्यानंतर केबल. मागचा दिवा आणि कुलूप दोन्ही ज्यावर चालतात तो ब्रेकचा स्विच तर दोनदा. पहिला काढलेला स्विच तिने गॅरेजमध्ये मीटर लावून तपासला होता. तो चांगला होता. तरीही पुढच्या महिन्यात तिने आणखी एक नवा बसवला आणि एलादिओला सांगितलं, "आता नीट चालेल."

तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि तापलेल्या डांबरावर गुडघे टेकले. हात आत घालून पेडल दाबलं.

"लागला!" तिबुर्सिओ ओरडला.

तिने सोडलं.

"गेला."

पुन्हा दाबलं.

"लागला की! चांगला लख्ख लागतोय."

एलादिओचा बूट पेडलच्या डावीकडे होता, दोन बोटं अंतरावर. खालच्या रबरी मॅटवर तो जीव खाऊन पाय रोवत होता. पोटरी ताठ झाली होती, मॅट दबली होती.

नूरिसने बुटावर तळवा ठेवला. मग मूठ. मग कोपर सरळ करून सगळा भार दिला.

वर तो बोलतच होता. "खाली काय शोधतेस? कुलूप वर आहे, वर! शाळेत विज्ञान शिकलीस ना, पहिला नंबर यायचा ना? एकतीस वर्षं ह्या उतारावरून सहा-सहा माणसं खाली नेतोय मी. गाडीला एक ओरखडा दाखव!"

बूट हलला नाही. एवढा भार पडलाय हे त्याच्या पायाला कळलंच नव्हतं; त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

ती उठली. तिला राग आला. आधी त्याचा, मग ते दोन नवे स्विच बसवणाऱ्या स्वतःचा. आत सहा जण घाम पुसत होते. मागच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल झोपलं होतं. तेवढ्यात कोणीतरी हॉर्नवर हात दाबूनच धरला.

"मग काय करू?" तिबुर्सिओने विचारलं. "मागची गाडी सोडू?"

नूरिसने उघड्या दारातून वाकून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली.

"ए! किल्ली दे! उतारू बसलेत माझे!"

"सोड," ती तिबुर्सिओला म्हणाली, रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आणि फळ्यावरचं पापांचं नाव पूस. ते आजपासून गाडी चालवणार नाहीत."