एकदोनदा

ब्रायनने बॅग उघडायच्या आधी दाराला कडी घातली. मग कपड्यांच्या घडीतून व्हिटॅमिनची बाटली काढून बहिणीच्या हातात ठेवली.

“ह्यात व्हिटॅमिन नाही,” तो हळूच म्हणाला. “सकाळ-संध्याकाळ एकेक घे. ओकाऱ्या थांबतील.”

फ्लॉरेन्सने बाटली हलवून पाहिली. बारा-पंधरा कॅप्सूल असतील. तिसऱ्या केमोला आज सहा दिवस झाले होते आणि सहा दिवसांत तिच्या पोटात पाणीही धड टिकलं नव्हतं. वजन एक्केचाळीस किलोवर आलं होतं. आणखी उतरलं तर चौथा डोस थांबवावा लागेल, असं डॉक्टर रईसांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते फोनवर ऐकलं आणि ब्रायन टोरांटोहून निघाला होता.

“काय आहे हे?”

“गांजाच्या जातीचंच औषध समज. कारखान्यात बनवलेलं. आमच्याकडे कॅन्सरवाल्यांना डॉक्टर लिहून देतात. माझ्या मित्राच्या बायकोला दिलेलं. दोन दिवसांत जेवायला लागली ती.”

“मग ह्या उरल्या कशा?”

“तिचे डोस संपले. बरी आहे ती आता.”

“आणि हे घेऊन तू मस्कतच्या विमानतळातून बाहेर आलास?”

“कोणी विचारलंसुद्धा नाही, फ्लॉरी.”

फ्लॉरेन्सने झाकण उघडलं आणि एक कॅप्सूल तळहातावर घेतली. खोटं कशाला, तिला ती हवी होती. आता, ह्या क्षणी, पाण्याशिवायसुद्धा तिने ती गिळली असती. तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली मस्कतमधल्या दार्सैतच्या रस्त्यावर शाळेची बस थांबली होती. तिची लेक मेलनी यंदा दहावीला होती. घर तिच्या नवऱ्याच्या, एरिकच्या नावावर होतं. एकोणीस वर्षं तो एका हॉटेलचा एसी प्लांट सांभाळत होता, आणि उद्या काही झालं तर पोलीस पहिला हात त्याच्याच खांद्यावर ठेवणार होते.

ती उठली. भिंतीला धरत धरत बाथरूमपर्यंत गेली, तळहातावरची कॅप्सूल कमोडमध्ये टाकली, बाटलीही त्यात उपडी केली आणि फ्लश ओढला. दोन कॅप्सूल तरंगत राहिल्या. टाकी भरेपर्यंत ती उभी राहिली आणि पुन्हा फ्लश ओढला.

“अगं, एक तरी घेऊन बघायचीस!” ब्रायन मागून ओरडला.

“घेतली असती आणि गुण आला असता, तर उद्या दुसरी घेतली असती. एरिकला तुरुंगात पाठवून मला इथे चार घास खायचे नाहीत.”

ब्रायन उंबऱ्यावरच बसला. त्याचा आवाज चिरकला. “मग काय उपाशी मरणार आहेस? किती वेळा होते दिवसाला?”

“अकरा. बारा.”

“डॉक्टर काय म्हणतात बारा वेळा ऐकून?”

फ्लॉरेन्सने नळ सोडला. ती हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर कामाला होती. खोलीतला माणूस कितीही ओरडो, तिच्या आवाजातला गोडवा ढळत नसे. डॉक्टरांनी विचारलं की तोच आवाज आपोआप निघायचा: एकदोनदा होते, डॉक्टर, विशेष काही नाही. खरं सांगितलं तर आपल्याला हा डोस झेपत नाही म्हणून बंद करतील, ही भीती त्या गोड आवाजाच्या तळाशी बसलेली होती.

“तू सांगितलंच नाहीस त्यांना?” ब्रायनला आता उमगलं.

“नाही.” तिने तोंडावर पाणी मारलं. “खाली जाऊन टॅक्सी थांबव. मी आलेच.”

डॉक्टर रईसा हैदराबादच्या, बोलणं हिंदीतूनच चालायचं. हॉस्पिटलात त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कैसी हैं आप?”

“बारा वेळा, डॉक्टर. रोज. सहा दिवस. मागच्या दोन्ही डोसांनाही असंच झालं होतं. मी खोटं सांगत होते.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“आणि आणखी एक विचारायचंय,” फ्लॉरेन्स म्हणाली. “कॅनडात गांजासारखी कॅप्सूल देतात म्हणे ओकारीवर. खरं आहे?”

शेजारच्या खुर्चीत ब्रायन जमिनीकडे बघू लागला.

“खरं आहे. काहींना चांगला गुण येतो.” डॉक्टरांची नजर ब्रायनवरून फिरून पुन्हा फ्लॉरेन्सवर आली. “इथे ती मिळत नाही. कोणी चोरून आणली आणि सापडला, तर मीही त्याला वाचवू शकणार नाही. पण माझ्या कपाटात जे आहे, तेसुद्धा मी तुम्हाला पुरतं दिलेलं नाही. एकदोनदा ओकणाऱ्या बाईला देतात, तेवढंच दिलंय. रागवायला हवं तुमच्यावर. नंतर रागवीन. आधी पलंगावर झोपा.”

सलाइन चढलं. जुनं इंजेक्शन बदललं, जोडीला आणखी दोन औषधं आली. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या पाचावर आल्या. तिसऱ्या दिवशी एकदाच झाली, तीही पहाटे. फ्लॉरेन्सने नर्स हाफिजाला प्रत्येक वेळ घड्याळ बघून सांगितली. काट्यावर उभी राहिली तेव्हा वजन होतं तिथेच थांबलेलं होतं, आणि डॉक्टर रईसांनी चौथ्या डोसची तारीख लिहून टाकली.

दुपारी ब्रायन घरी जायला निघाला. दारातून वळून म्हणाला, “येताना थोडी पेज आणू?”

फ्लॉरेन्स उशीला टेकून उठून बसली.

“पेज आजाऱ्याला देतात,” ती म्हणाली. “मला भात आण. आणि वर एक तळलेला बोंबील.”