अकराची पाहणी

त्या बाईने फावड्याचा दांडा घातला आणि माझ्या डाव्या हाताचं हाड कडकन मोडलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्याच्या आधी पोलिसांनी तिला खाली पाडून तोंड फुटेस्तोवर बडवलं. मागे आमचं यंत्र तिच्या घराची शेवटची भिंत पाडत होतं. चाळीस वर्षं झाली, ते सगळे आवाज अजून कानात आहेत. गृहनिर्माण खात्यात मी तेव्हा नुकतीच उपसंचालक झाले होते.

दुसऱ्या दिवशी चौकीत फौजदार म्हणाला, "मॅडम, तक्रारीवर सही करा. चांगली पाच वर्षं आत जाईल."

ती समोरच बसली होती. मी तिला म्हटलं, "तीनदा पाहणी केली, तिन्ही वेळा कुलूप. असं घर रिकामं धरून पाडतात, नियमच आहे."

"किती वाजता आला होतात?"

"अकराला. ऑफिस उघडल्यावर."

सुजलेल्या ओठांनी ती हसली. "अकराला मी कामावर असते. तुमच्या घरी कोण असतं हो बाई, अकराला?"

मी एकटीच राहत होते. डावा हात गळ्यात बांधलेला, म्हणून तक्रारीचा तो कागद मी दातांत धरून फाडला.